एका गोळीत पडलेला मूस

बाबा,

परवा रेजिनाला जाऊन आले. तुमच्या मित्राची तब्येत बरी नाही असं त्याच्या सुनेने फोनवर सांगितलं, म्हणून कॅल्गरीहून एकटीच गाडी काढली. आठ तासांचा सरळ रस्ता, दोन्हीकडे कापणी झालेली शेतं, आणि मी पूर्ण वेळ तुमच्याशी बोलत होते. ते बोलणं घरी आल्यावरही थांबेना, म्हणून कागद घेतला. मराठीत लिहायची सवय मोडली आहे. रविवारी सकाळी तुम्ही मला पानभर शुद्धलेखन लिहायला लावायचात आणि मी रडत लिहायची, ते आज कामी येतंय. ऱ्हस्वदीर्घ चुकले असतील तर चुकू द्या.

तुमचा मित्र म्हणजे तोच, रस्तेखात्याच्या लॅबमध्ये तुमच्या शेजारच्या टेबलावर मातीचे नमुने तपासणारा, सव्वासहा फुटी, ज्याचे आजोबा युक्रेनमधून येऊन इथे जमीन कसायला लागले होते. मी त्याला अंकल म्हणायची. आपण साताऱ्याहून रेजिनाला आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि पहिल्याच हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने कसा काढायचा हे तुम्हाला त्यानेच शिकवलं. दुसऱ्या वर्षी तो तुम्हाला शिकारीला घेऊन गेला. साताऱ्यात तुम्ही बंदूक फक्त बँकेच्या दारातल्या वॉचमनकडे पाहिली होती. चाळिशीला आलेला, चष्मा लावणारा, थंडीने नाक गळणारा माणूस रायफल चालवायला शिकतो, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "अहो, आपल्या सात पिढ्यांत कुणी ससा तरी मारलाय का?" असं ती विचारायची. तुम्ही म्हणायचात, "आपल्या सात पिढ्यांत कुणी उणे चाळीसमध्ये तरी कुठे राहिलंय?"

आपल्या बेसमेंटमधली ती नोव्हेंबरची दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. वर्षातून एकदा, शनिवारी, गावातली दहा-बारा मराठी घरं जेवायला येतात. वरच्या स्वयंपाकघरात आई वरण-भात, पुऱ्या, बटाट्याची भाजी करते. तिच्या गॅसवर मूसचं, तिच्या भाषेत त्या 'राक्षसी सांबराचं', मटण चढणार नाही हा नियम. म्हणून तुम्ही बेसमेंटमध्ये जुनी इलेक्ट्रिक शेगडी मांडलेली, आणि तिच्यावर तुमचा रस्सा. आत्याने पार्सलने पाठवलेला कांदा-लसूण मसाला, भाजलेलं खोबरं, आणि मोठ्या पातेल्यात तासन्‌तास शिजणारं ते गडद लाल मटण. डॉक्टरकाका पहिल्या वर्षी "मी फक्त रस्सा घेईन" म्हणाले आणि तिसऱ्या वर्षी फोडींसाठी पातेलं ढवळायला लागले. अंकल कोपऱ्यातल्या खुर्चीत घाम पुसत जेवायचा आणि तिखट लागत नाही असं खोटं सांगायचा. आणि सगळ्यांची ताटं अर्धी झाली की कुणीतरी म्हणायचं, "हं, आता होऊन जाऊ दे."

तुम्ही हात धुऊन उभे राहायचात. आवाज खाली आणायचात. पहाटेचं दंव, पिवळी झालेली पॉपलरची झाडं, दलदलीच्या कडेला दबा धरून बसलेले आपण तिघं, तुम्ही, अंकल आणि मी. अंकल दोन्ही हात तोंडाशी धरून मादीचा आवाज काढतो, तो आवाज तुम्ही काढून दाखवायचात आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग झाडीतून फांद्या मोडल्याचा आवाज. मग तो. घोड्यापेक्षा उंच, गळ्याखाली लोंबणारी झालर, आणि शिंगं, तुम्ही दोन्ही हात पसरून दाखवायचात, मागच्या दिव्याला एकदा हात लागून दिवा फुटला होता. "आणि मग," तुम्ही म्हणायचात, "एक गोळी. एकाच गोळीत खाली." आई वरून ऐकायची. खाली येत नसे, पण जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची, मला तिची साडी दिसायची.

ती गोष्ट तुम्ही आठ वर्षं सांगितलीत. माणसं बदलली, काही कॅल्गरीला, टोरोंटोला गेली, नवीन आली, आणि नवीन आलेल्यांना जुने लोक आधीच सांगून ठेवायचे की ती गोष्ट ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

खरं काय झालं ते आपल्या तिघांनाच माहीत होतं. मी सोळा वर्षांची. शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स आपण दोघांनी एकत्र केला होता. परीक्षेत तुमची दोन उत्तरं चुकली, माझं एकही नाही, आणि त्या आनंदात तुम्ही मला भडक नारिंगी टोपी घेऊन दिलीत. "आता तू माझी साहेब," म्हणालात. त्या सकाळी तुमची गोळी लागली, पण मूस पडला नाही. थोडा वाकला, वळला आणि झाडीत गेला. अंकल म्हणाला, आता अर्धा तास हलायचं नाही, मागे लागलो तर तो मैलभर पळेल. आपण थर्मासमधला चहा प्यायलो. तुमचा कप हलत होता. मग पानांवरचं रक्त बघत बघत निघालो. दोन तास, तीन तास. कुठे थेंब, कुठे काहीच नाही. शेवटी अंकल दलदलीच्या पलीकडून वळसा घालून गेला आणि आपण दोघं अलीकडून.

तो आपल्याला सापडला. विलोच्या झुडपात बसला होता, मान वर, आणि आपल्याकडे बघत होता. श्वासाची वाफ निघत होती. उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही. तुम्ही रायफल खांद्याला लावलीत. चष्म्यावर धुकं आलं, काढून पुसलात, पुन्हा लावलात. पुन्हा नेम धरलात. मी तुमच्या शेजारी उभी होते, मला तुमच्या दातांचा आवाज ऐकू येत होता. मग तुम्ही रायफल खाली केलीत आणि म्हणालात, "मला नाही जमत गं पोरी." मी म्हटलं, "बाबा, त्याला त्रास होतोय." तुम्ही म्हणालात, "माहितेय." आणखी थोडा वेळ गेला. तो तसाच बघत होता. मग मी तुमच्या हातातून रायफल घेतली. कोर्समध्ये शिकवलं होतं तसा श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

त्यानंतर मी एका झाडामागे जाऊन ओकले. आवाज ऐकून अंकल आला, त्याने काही विचारलं नाही, सुरी काढून कामाला लागला. तुम्ही माझी पाठ चोळत होतात. त्या प्राण्याचं मांस बाहेर आणायला आपल्याला दुपार झाली. ट्रकमध्ये मी तुमच्या दोघांच्या मधे बसले होते, हाताला वास येत होता.

पहिल्या पार्टीत तुम्ही "एकाच गोळीत" म्हणालात तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या वर्षीही. चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र तो शब्द आला की मी ताट धुवायला उठायची. मी युनिव्हर्सिटीत होते, वाद घालायला शिकले होते. मला वाटायला लागलं की तुम्ही स्वतःचे थरथरणारे हात लपवताय आणि त्यासाठी मला गोष्टीतून पुसून टाकलंय. ट्रॉफी तुमची, टाळ्या तुमच्या.

आठव्या वर्षी मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा घरी आणलं. तो नागपूरचा, नुकताच कॅल्गरीला नोकरीला लागलेला, खाली बेसमेंटमध्ये ताट घेऊन पुढेच बसला होता. तुमची गोष्ट त्याने तोंड उघडं ठेवून ऐकली. "एकाच गोळीत?" त्याने विचारलं. "काका, मानलं तुम्हाला!" आणि मी उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाले, अर्धं इंग्लिशमध्ये, अर्धं मराठीत, "दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड, बाबा. तुमचे हात कापत होते. यू कुडन्ट डू इट. मी मारला तो."

डॉक्टरकाकांचा घास हातातच राहिला. अंकलला शब्द सगळे कळले नसतील, पण अर्थ कळला. तो अर्धा उठला आणि तुम्ही त्याच्याकडे बघून मान हलवलीत तसा पुन्हा बसला. वरच्या पायरीवरून आई उठून गेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागावला नाहीत. "खरंय तिचं," म्हणालात, "असंच झालं होतं." मग डाव हातात घेऊन विचारलंत, "रस्सा कुणाला वाढू?"

पुढच्या वर्षी पार्टी झाली, पण कुणी "होऊन जाऊ दे" म्हणालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पार्टीच झाली नाही. रायफल तुम्ही अंकलला देऊन टाकलीत. माझं लग्न झालं, मी कॅल्गरीची झाले, फोनवर आपण हवामानाबद्दल, ग्रोसरीबद्दल, माझ्या मुलीच्या दातांबद्दल बोलत राहिलो. मग एका फेब्रुवारीत तुमचं हृदय थांबलं. आई तुमच्यानंतर सहा वर्षं राहिली आणि त्या दिवसाबद्दल मला एवढंच बोलली, "तू मला आधी सांगायचंस. मी काय खाल्लं असतं तुला?"

परवा हॉस्पिटलमध्ये अंकल खिडकीजवळच्या खुर्चीत होता, ब्लँकेट पायांवर. केवढा लहान दिसत होता. मला ओळखलं, माझ्या मुलीची चौकशी केली. मी सांगितलं की तिने यंदा शिकारीचा कोर्स केलाय आणि मला म्हणते, आजोबांची स्टोरी नीट सांग, तू नेहमी अर्धी सोडतेस. तो हसला, मग खोकला. मग म्हणाला, "तुला माहितेय ना, त्याने ती गोष्ट तशी का बदलली?"

मी म्हटलं, "लाज वाटली असेल."

"लाज?" तो म्हणाला. "येताना आपण पेट्रोल भरायला थांबलो होतो. तू वॉशरूमला गेलीस. तो ट्रकबाहेर उभा राहून मला म्हणाला, आजपासून एकच गोळी होती. तुलाही तसंच आठवायचं. मी विचारलं का, तर म्हणाला, पोरीने माझ्याकडून शब्द घेतलाय. आईला कळता कामा नये, शाळेत कळता कामा नये, कुणालाच नाही."

तो सावकाश बोलत होता, मधे मधे थांबून. "मी म्हटलं, मग गोष्टच सांगू नकोस. तर म्हणाला, एवढं मटण घरी नेल्यावर लोक विचारणारच, काहीतरी सांगावं लागेल. आणि मग म्हणाला, शी वॉज बेटर दॅन मी. आयुष्यात एवढं मोठं काही मी पाहिलं नाही, आणि कुणाला सांगू शकत नाही." अंकलने डोळे मिटले. "दरवर्षी तुमच्या घरून निघताना तो मला गाडीपर्यंत सोडायला यायचा. तिथे मला खरी गोष्ट सांगायचा. मी होतो ना तिथे, मला सगळं माहीत होतं. तरी सांगायचा. तू श्वास कसा सोडलास, पाय कसे रोवलेस. मी ऐकून घ्यायचो."

त्याने विचारलं, "तुला आठवत नाही, तू शब्द घेतला होतास ते?"

मी म्हटलं, "नाही, आठवत नाही." त्याने माझा हात थोपटला. नर्स त्याचं सूप घेऊन आली आणि मी निघाले.

काल मुलीला सगळी गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच पूर्ण, दोन्ही गोळ्या, तुमचा चष्मा, माझं ओकणं. नवरा शेजारी बसून ऐकत होता. मुलीने विचारलं, "सो ही केप्ट हिज प्रॉमिस, आणि तू त्याला सगळ्यांसमोर लायर ठरवलंस? बिकॉज यू फरगॉट?" मी मान हलवली. तिला ते चाललं. माणूस विसरतो, असं तिला वाटलं असेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे लिहिते. बाबा, मी विसरले नव्हते. झाडामागून येऊन मी तुमच्या जाकिटाची बाही धरली होती आणि तुम्हाला आईची शपथ घातली होती, हे मला त्या दिवशी बेसमेंटमध्ये उभी राहिले तेव्हाही पक्कं आठवत होतं. माझा होणारा नवरा तुमच्याकडे कौतुकाने बघत होता. त्याने माझ्याकडे तसं बघावं, एवढंच मला हवं होतं.