आठ नंबरचे बूट

३ मार्च, रविवार

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

सकाळी साडेदहाला बाजारात गेलो, दीडला परत आलो. पाठीवरची सॅक, पावसाचा कोट, डोक्याला लावायचा टॉर्च, एक काठी आणि लोकरी मोज्यांचे तीन जोड घेतले. बूट राहिले. डब्यातलं गरम करून जेवलो. झोप लागली नाही म्हणून पत्र लिहायला बसलो.

तू मागे म्हणालीस की भाऊजी, तुम्ही फोनवर ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ एवढंच बोलता, त्यापेक्षा पत्र लिहा, कागद भरायचा म्हणून तरी चार ओळी जास्त येतील. तेव्हा हे पान तुझ्या नावावर.

ऑफिसच्या फलकावर जानेवारीत एक सूचना लागली होती. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची तुकडी पंधरा दिवस डोंगरातून चालत जाणार, एक मोठी खिंड ओलांडून पलीकडे उतरणार, आधी कधी न गेलेल्यांनीही नाव द्यावं. मी दिलं. आमच्या पाणी-मीटरच्या वर्कशॉपमधल्या टाकीची शिडी सोडली तर मी आयुष्यात काही चढलेलो नाही. आमच्या मिस्त्रींना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, साहेब, वर काही मीटर बिघडलाय का. दिवसभर सगळे हसत होते. मीही हसलो.

खरं सांगायचं तर रविवार फार मोठा होतो. शनिवारी कपडे धुवून ठेवतो, तेवढंच एक काम रविवारसाठी शिल्लक ठेवावं असंही करून पाहिलं. दहापर्यंत तेही संपतं.

दुकान बस डेपोच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. मधोमध एक तंबू उभा केलेला आहे आणि गिऱ्हाइकांनी त्याला वळसा घालून जायचं. दुकानदारीण बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. स्वतः पुष्कळ डोंगर चढलेल्या. त्यांनी माझी यादी वाचली आणि मी टोपलीत भरलेलं निम्मं सामान परत फळीवर ठेवलं. एवढं ओझं कोण वाहणार, तुम्ही की मी, असं म्हणाल्या. सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या घालून मला त्यांच्या जिन्यावरून दोनदा वर-खाली करायला लावलं. तिथवर सगळं ठीक झालं.

मग त्यांनी बुटाचा नंबर विचारला. मला सांगता आला नाही. एकोणतीस वर्षं बूट तुझ्या ताईने आणले. मी पायात घालायचं काम केलं. घरी येऊन चारही जोड उलटे करून पाहिले. आतले आकडे झिजलेत. एकावर गोल काहीतरी दिसतं, ते सहा असेल किंवा आठ. तू तिच्याबरोबर पुष्कळदा बाजारात असायचीस. तुला आठवत असेल तर कळव. दुकान फक्त बुधवारी आणि रविवारी उघडं असतं.

तुझ्या घरच्यांना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. आठवण ठेवतेस तशी ठेवत जा.

भाऊजी


९ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आणि मुलगी दोघी हसून हसून दमलो. शहरातल्या सगळ्या नळांच्या मीटरमध्ये थेंबाचा फरक पकडणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या पायाचं माप ठाऊक नाही! मुलगी म्हणते, काकांना शाळेत घाला, तिथे पहिल्याच दिवशी बुटांवर नंबर लिहून घेतात.

आठ. काळे, नाडीचे, चौकोनी टोक नको. ताईच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा सांगेन. निदान पाच जोडांच्या वेळी मी शेजारी उभी होते. आठच आणा.

तुम्ही डोंगरावर निघालात हे मला अजून खरं वाटत नाही. आमच्या गच्चीवर पतंग काढायला चढायचं म्हटलं की तुम्ही शेजाऱ्याला हाक मारायचात. पण जा. घराबाहेर पडताय याचं बरं वाटलं. सॅक रिकामी असताना आरशात बघू नका, फार हसू येतं म्हणतात.

तारखा मात्र लिहिल्या नाहीत. नक्की कधी निघणार? मे महिन्याचं मी जानेवारीत फोनवर म्हटलं होतं, ते पक्कं आहे. चौदा तारखेला ताईला जाऊन वर्ष होईल. मी आदल्या दिवशीच येते. तुम्ही एकटे असू नये त्या दिवशी. बोलायचं नसलं तर नका बोलू, मी स्वयंपाकघरात असेन.

तब्येत सांभाळा. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
बारकी


१८ मार्च, सोमवार

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. बुधवारी बूट आणले, आठ नंबर. काल तुकडीबरोबर पहिली चाल झाली, जलशुद्धीकरण केंद्राच्या मागच्या टेकडीवर, जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. आज रजा घेतली आहे. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलीत आणि उजव्या पायाचा मोजा काढताना रक्त लागलेलं होतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. दोष तुझा नाही. मी बूट घालून दुकानातल्या तिरक्या फळीवर चाललो होतो. बाईंनी विचारलं, कसे आहेत, मी म्हटलं, छान. आज सकाळी दुकान बंद असूनही त्यांना फोन केला, तर त्यांनी वर बोलावलं आणि लोखंडी मापावर पाय ठेवायला लावला. नऊ भरला. त्यांनी पुन्हा मोजला. तरीही नऊ. किती वर्षं आठ घालताय, असं विचारलं. मी सांगितलं. त्या चष्मा काढून पुसत बसल्या.

आता तुला सांगतो, कारण दुसरं कोणी सांगण्यासारखं नाही. लग्नाच्या फोटोसाठी मी मावसभावाचे बूट मागून घातले होते. ते आठ नंबरचे असणार, मला घट्ट होते. वर्षभराने तुझ्या ताईने पहिल्या पगारातून मला बूट आणले. मला न विचारता, मावसभावाला नंबर विचारून, मला चकित करायचं म्हणून. मी घातले. ती समोर गुडघ्यावर बसून नाडी बांधत होती. चेहरा इतका खुलला होता की मी म्हटलं, छान आहेत. दुसऱ्या जोडाच्या वेळी सांगू असं ठरवलं. दुसऱ्या वेळी वाटलं, आता सांगितलं तर पहिल्या वेळचं खोटं ठरेल. पुढे सवय झाली. ऑफिसात ओल्या फरशीसाठी गमबूट मिळतात. ते सगळ्यांना एकाच मोठ्या मापाचे येतात. संध्याकाळी ते काढून घरचे बूट घालायला मला नेहमी उशीर व्हायचा. ती म्हणायची, तुझं घरी यायला मनच होत नाही. मी हसून सोडून द्यायचो.

काल आणखी एक झालं. तुकडीचे प्रमुख साठीचे गृहस्थ आहेत, कमी बोलतात, खिशात लहान वही. चाल संपल्यावर त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकाला विचारलं, कुठे दुखतंय. कोणी गुडघा सांगितला, कोणी खांदा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, काही नाही. मोज्यात रक्त होतं. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. निघताना बाजूला घेऊन म्हणाले की दुखणारा माणूस त्यांना चालतो. न सांगणाऱ्याला ते पहिल्याच मुक्कामावरून परत पाठवतात, कारण वर त्याच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, कधी जिवावरही बेततं. सात एप्रिलला शेवटची चाल आहे. त्यानंतर नावं पक्की होतील.

तारखा मी मुद्दाम लिहिल्या नव्हत्या. सहा मे ते वीस मे.

घरी सगळ्यांना योग्य ते सांग. राग आला तरी पत्र बंद करू नकोस.

भाऊजी


२३ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मुलीला वाचायला दिलं नाही.

तारखांचं आधी लिहिते, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. मी चौदाला येणार हे तुम्हाला जानेवारीपासून माहीत होतं. मी फोनवर बोलले होते. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. नको होतं तर नको म्हणायचं. मी रडले असते, मग उठून कामाला लागले असते. तुम्हाला त्या दिवशी घर नको असेल, ते मला समजतं. पण माझंही कोणी उरलेलं नाही, भाऊजी. आमच्याकडे सगळे चांगले आहेत, पण ताईचं नाव निघालं की विषय बदलतात, मला त्रास होऊ नये म्हणून. तिच्याबद्दल बोलायला मला तुम्हीच आहात, आणि तुम्ही बोलत नाही.

आता बुटांचं. हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले.

ताईला माहीत होतं.

तिसऱ्या वर्षापासून तरी. तुम्ही ऑफिसातून आल्यावर पलंगाच्या कडेला बसून पाय हातात धरायचात, ती स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. त्यानंतरचा प्रत्येक नवा जोड तुमच्या कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्तीवाल्या काकांकडे जायचा. ते चामड्याला पाणी लावून आठ दिवस लाकडी साच्यावर ताणून ठेवायचे, मग ती घरी आणून म्हणायची, आजच घेतले. पिशवी पुष्कळदा माझ्या हातात असायची. मी एकदा वैतागून म्हटलं, अगं, सरळ नऊ आण ना. तर म्हणाली, “तो सांगेल तेव्हा आणीन. एकदा तरी त्याने आपणहून काहीतरी मागावं.”

पुढे तिलाही ते जमेना. म्हणायची, आता नऊ आणले तर इतकी वर्षं मला माहीत होतं हे त्याला कळेल. आणि हसायची. रागाने नाही. तुमच्याकडे बघून हसायची तशीच.

नंबर विचारलात तेव्हा मला हे सगळं आठवायला हवं होतं. पण तिचा आवाज कानात आला, आठ, काळे, नाडीचे. ते लिहिताना इतकं बरं वाटलं की पुढचं सुचलंच नाही. तुमच्या पायांचं वाईट वाटतं.

सात तारखेचं काय झालं ते कळवा. खरं कळवा.

बारकी


७ एप्रिल, रविवार

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

पहाटे पाचला निघालो, चारला घरी आलो. एकोणीस किलोमीटर झाले. आंघोळ केली, चहा केला. आता साडेपाच वाजलेत.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी कोपऱ्यावरून गेलो नाही, पलीकडच्या रस्त्याने ऑफिसला गेलो. तिसऱ्या दिवशी थांबलो. काकांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, बाई गेल्यापासून साचा रिकामाच आहे. त्यांनी तो दाखवला. टोकाला, अंगठ्याच्या बाजूला, चामड्याचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला आहे. तुमच्या पायासाठी बाईंनी सांगून लावून घेतला होता, म्हणाले. मी तो हातात घेऊन त्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. त्यांचं एक गिऱ्हाईक आलं, मग निघालो.

सत्तावीसला संध्याकाळी दुकानात गेलो. संध्याकाळी पाय सुजलेला असतो, तेव्हाच माप घ्यायचं असतं, हे दुकानदारीण बाईंनी शिकवलं. नऊ नंबर घेतले. दहा दिवस ते घरात घालून वावरलो. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं की वर काही सुतारकाम चाललंय का.

आजच्या चालीत आम्ही वीसजण एका ओळीत होतो. मी मधे. दुसऱ्या तासाला डावी टाच घासायला लागली. नखांना काही नव्हतं, बूट मापाचेच आहेत, पण मोजा आत दुमडला होता. वाट अरुंद होती. एकाने थांबायचं म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. मी ठरवलं, त्या पुढच्या दगडापर्यंत जाऊ. तो दगड गेला. मग झाड. झाडही गेलं. पावलं मोजायला लागलो, दोनशेपर्यंत मोजली. मला ती सवयच आहे, मोजलं की दुखत नाही.

मग मी म्हटलं, “थांबा. माझी टाच सोलतेय.”

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पुढची ओळ थांबली, मागची थांबली. प्रमुख परत खाली आले, मला दगडावर बसवलं, मोजा सरळ केला, पट्टी लावली. माझ्या मागे महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई होत्या. त्या धपकन खाली बसल्या आणि म्हणाल्या की बरं झालं कोणीतरी बोललं, माझी करंगळी तासभर जीव घेतेय. मग आणखी एकाने बूट काढला. वीस मिनिटं गेली. कोणी कुरकुर केली नाही. प्रमुखांनी वहीत लिहिलं आणि उतरताना सांगितलं की माझं नाव पक्कं आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण घरी येऊन कुलूप काढलं आणि आत कोणाला सांगणार, म्हणून दारातच थोडा उभा राहिलो. तेव्हा ठरवलं की तुला आजच लिहायचं.

चौदा मेला मी खिंडीच्या पलीकडे असेन. घरी राहिलो तर त्या दिवशी माणसं येतील, बसतील, मी सगळ्यांना पाणी देत फिरेन आणि कोणी काही विचारलं की बरं म्हणेन. ते मला जमणार नाही. तू चौदाला येऊ नकोस. हे मी जानेवारीत सांगायला हवं होतं.

तू अठ्ठावीस एप्रिलला ये, रविवार आहे. दोन दिवस राहा. शक्य असेल तर एकटी ये. तू ताईबद्दल सांग. ती मला काय म्हणायची ते सगळं सांग, हसायची कशी तेही. मीही बोलण्याचा प्रयत्न करेन. लगेच जमेल असं नाही. मला तू यायला हवी आहेस.

काळे जोड मी टाकणार नाही. तिने ताणून आणलेले आहेत. फळीवर ठेवलेत.

उत्तराची वाट पाहतो. जीव लावतेस, तो आटू देऊ नकोस.

भाऊजी

ता. क. प्रमुखांनी सांगितलंय की निघेपर्यंत बूट रोज तासभर पायात हवेत. चहाचा कप विसळायचा राहिलाय. टाचेला नवी पट्टी लावतो, मोजा नीट ओढून बूट घालतो आणि मग उठून तो विसळतो.