गोठूनही फुगणारं यीस्ट आणि आतोबांचा फ्रीज

ती. आत्या,

वाकून नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण गोठलेल्या पिठाचे गोळे उचलून कंबर धरली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचं आइस्क्रीम बंद केलंस हे उत्तम केलंस. या वयात शिस्त हवीच.

इकडची हकीकत अशी. आमच्या पावाच्या कारखान्याने मळलेलं पीठ गोठवून दुकानांना द्यायचं ठरवलंय. दुकानदाराने ते वितळवायचं, फुगलं की भाजायचं. पण यीस्ट पडलं जिवंत. थंडीने निम्मं मरतं आणि पीठ फुगायचं नाव घेत नाही. थंडी सोसणारं यीस्ट तयार करणं हे माझं काम. (गोठवायचं, वितळवायचं, तगेल तेवढंच वाढवायचं आणि पुन्हा गोठवायचं. पूर्वी सुनांचंही असंच करत, असं बायको म्हणते.)

यीस्टची एक बरणी मी कारखान्याच्या भारी फ्रीजरमध्ये ठेवली, वर 'दार उघडू नये' अशी पाटी. दुसरी घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात, आपली खबरदारी म्हणून. परवा मालकांसमोर दोन्हींचे पाव भाजले. कारखान्यातल्या यीस्टचा पाव मालकांनी टेबलावर आपटून पाहिला. टेबलाला खोक पडली. घरच्या यीस्टचा मात्र टम्म फुगला! मालक म्हणाले, "हा एक पाव नशिबाने फुगला असेल. पुढच्या खेपेला सगळे फुगले नाहीत, तर तुम्ही बिस्किटांकडे. तिथे फुगायची भानगडच नाही."

विचार केल्यावर उलगडा झाला. आमच्या घरी बर्फासाठी, मटारसाठी दार सारखं उघडं. यीस्ट जरा वितळायचं, पुन्हा गोठायचं; लेचंपेचं मेलं, चिवट तेवढं उरलं. कारखान्यातलं बापडं मी फार जपलं.

पण घरची बरणी उतू जाऊन बर्फाच्या साच्यात गेली. त्या बर्फाचं सरबत पिऊन शेजारीण बायकोला हळूच म्हणाली, "भाऊजी कधीपासून घ्यायला लागले गं?" तेव्हापासून घरात बरणीला बंदी आहे. तरी मी हटणार नाही. बिस्किटांकडे तर मुळीच जाणार नाही.

तुझा भाचा

ता. क. पत्र आणणाऱ्या आमच्या गाडीवाल्याकडे एक बरणी आहे. ती तुझ्या फ्रीजरमध्ये पुढेच ठेव. झाकण सैल असू दे.

ता. ता. क. आइस्क्रीम बंदच ठेव, पण थोडं आत दिसत राहू दे. आतोबांनी दिवसभर दार उघडून पाहिलं तर रागावू नकोस. माझं यीस्ट आता त्यांच्या आशेवर जगणार आहे.