तिचं नाव विचार

प्रिय चिमे,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ड्यूटीवर आहे, नंतर करते, म्हणतेस, आणि तुझं ते नंतर काही उगवत नाही. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहिते. अक्षर जमेल तसं आहे, चुका काढत बसू नकोस.

तू सारखी विचारतेस, आई, माझ्याकडे राहायला कधी येतेस. खोली झाडून ठेवलीस, पलंग आणलास. परवा तर चिडलीस, की तुला माझ्यापेक्षा तो शिवणाचा कारखाना प्यारा. प्यारा कसला डोंबलाचा. गुडघे बोंबलतात, सुईत दोरा जात नाही. नव्या पोरींना शिकवायला म्हणून मालक ठेवून घेतो, एवढंच. मग का येत नाही, ते आज सांगून टाकते.

तू नर्सिंग शिकत होतीस तेव्हाचं आठव. घरी यायचीस ती बूट न काढता उंबऱ्यातच बसायचीस. पाय टम्म सुजलेले. मी बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून तुझे पाय त्यात सोडायची. वॉर्डात खुर्च्या रिकाम्या असल्या तरी शिकाऊ पोरींनी बसायचं नाही, असा तिथला रिवाज. पण तुझं दुखणं पायाचं नव्हतंच. ती चष्मेवाली सिस्टर तुला ‘ए शिकाऊ’ म्हणायची. वर्ष सरत आलं तरी ए शिकाऊ. एकदा धीर करून तू तिला नाव सांगितलंस, तर म्हणे, तुम्ही येता नि जाता, कुणाकुणाची नावं ध्यानात ठेवू. त्या दिवशी जेवली नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडलीस. मग उठून म्हणालीस, घरमालकिणीच्या मांजरीलासुद्धा नाव आहे. मला हसू आलं, तुलाही आलं. आणि डोळे पुसत म्हणालीस, “आई, मी सिस्टर झाले ना, की एकेकीला नावानं हाक मारीन.” त्या एका बोलण्यावर मी पुढं किती काज-बटणं केली, तुला काय सांगू.

मी काही गोडबोली नाही, तुला माहीत आहे. कारखान्यात नव्या पोरी मला टरकतात. काज वाकडं निघालं की उसवायला लावते आणि तोंडाचा पट्टा सोडते. पण शिव्या देते त्या नाव घेऊन देते. कुणाला शिव्या देतोय ते तरी माहीत पाहिजे ना.

आता नीट ऐक. मागच्या महिन्यात मी आले होते. तुला ठाऊक नाही. भेटायच्या वेळेला तुझ्या वॉर्डाच्या दारात उभी होते. पांढऱ्या कपड्यात तू अशी दिसत होतीस, की वाटलं शेजारच्या बाईला सांगावं, ही माझी. तेवढ्यात एक बारकीशी पोरगी गोळ्यांचा ट्रे घेऊन आली. तिला उशीर झाला होता. वाटेत एका म्हातारीनं पाणी मागितलं, तिला पाजत बसली होती, हे मी बघितलं होतं. तू विचारलंसच नाहीस. सगळ्या वॉर्डासमोर म्हणालीस, “ए शिकाऊ, आईनं काही शिकवलं नाही का तुला?”

चिमे, पेशंटांनीसुद्धा माना वळवल्या. मला वाटलं, हे मलाच विचारलं. मी दारातून मागं सरले ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं तीच पोरगी डोळे पुसत बाहेर आली. मला बघून थांबली, म्हणाली, मावशी, पाणी देऊ का, कुणाला भेटायचंय? मी म्हटलं, वॉर्ड चुकला माझा. तर मला धीर द्यायला लागली, की तुमचा माणूस या वॉर्डात असेल तर काळजी करू नका, आमच्या सिस्टरचा हात इतका हलका, सुई टोचलेली कळत नाही. तुझ्याबद्दल बोलत होती ती. एक वाकडा शब्द नाही.

फाटकापर्यंत माझी पेटी तिनंच उचलून आणली. हो, पेटी. भेटायला नव्हते आले मी, राहायला आले होते. कपडे, अंथरूण, तुझी ती बादलीसुद्धा बांधून आणली होती. तशीच परत घेऊन आले. अजून सोडली नाही. फाटकाशी मी त्या पोरीला तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि अशी हसली, की जसं काही मी तिला काही दिलं. ते नाव मी तुला सांगणार नाही. तू विचार तिला. आणि हजेरीच्या कागदावर बघू नकोस, तिच्या तोंडून ऐक. या महिन्याच्या अखेरीला तिची बदली दुसऱ्या वॉर्डात आहे म्हणाली, तेव्हा फार वेळ नाही. नाव कळलं की मला लिहून पाठव. बरोबर असलं तर मी येते. नाहीतर तो पलंग विकून टाक.

तुझीच, जिनं तुला काहीतरी शिकवलं होतं ती,
आई