ताकदीच्या गोळ्या

३ डिसेंबर १९६२, धडगाव
आलो एकदाचा! घाटात जीपने हाडे खिळखिळी केली, पण दवाखाना पाहून शीण गेला. खिडकीत छान ऊन येते, तिथेच मायक्रोस्कोप मांडला. कंपाउंडर लोटन नंदुरबारकडचा, बोलघेवडा. काही अडले की "मी शे ना आठे," म्हणतो, म्हणजे मी आहे ना इथे. मुंबईच्या सरांनी दोन बाटल्या दिल्यात, पांढऱ्या गोळ्यांची आणि पिवळ्यांची. दोन्ही रक्तातल्या पेशी मारतात; रक्ताच्या जुनाट कर्करोगावर एकत्र देऊन पाहायच्या. जमले तर माझेही नाव होईल, खोटे कशाला बोलू?

९ डिसेंबर
पहिला रोगी मिळाला. दलसिंग, मोलगीकडच्या पाड्यावरचा. पोटातली पानथरी (प्लीहा) बेंबीपर्यंत वाढलेली, पांढऱ्या पेशी दोन लाख; असाव्यात दहा हजारांच्या आत. बायको सोनीबाई आणि चार मुले सोबत चालत आली होती. त्यांच्यासमोर कर्करोग म्हणायला जीभ रेटेना. ताकदीच्या गोळ्या आहेत, रोज चार घे, असे लोटनकरवी सांगितले. गडी इतका खूश झाला की मलाच बरे वाटले.

६ जानेवारी
पेशी एक लाख नव्वद हजार. एव्हाना खूप उतरायला हव्या होत्या. रोज आठ गोळ्या केल्या.

१० फेब्रुवारी
तरी एक लाख सत्तर. चिडलो. खरेच घेतोस का, म्हणून दरडावले. शपथ घेऊन हो म्हणाला. आता बारा.

३ मार्च
दलसिंग थोरल्या मुलीला पाठीवर घेऊन आला. हिरड्यांतून रक्त, अंगभर निळे डाग. तिचे रक्त काचेखाली धरले. पांढऱ्या पेशी शोधतो आहे — नाहीत. काच बदलली. नाहीत.

दुपारी
लोटनने विचारले, दलसिंगने सरळ सांगितले. ताकदीची चीज एकट्याने कशी खायची? रोज घरात वाटतो. पोरांना जास्त.
ताकदीच्या म्हणालो ते मीच. उरलेल्या गोळ्या परत घेतल्या. का घेतल्या ते सांगितले नाही. धीर झाला नाही.

५ मार्च
मुलगी गेली.

११ मार्च
मधली दोघे. एकाच दिवशी. रक्त द्यायला धुळ्याला न्यायचे तर जीप नादुरुस्त — देवा, मी काय केले —

१२ मार्च
सगळा पाडा दारात आहे. गोळ्या काढून घेतल्या म्हणून पोरे मेली, असे म्हणतात. सोनीबाईने धाकट्याला माझ्या टेबलावर आणून ठेवले. त्याच्या ओठांवर रक्त — "याना वाटानी गोई द्या, म्हणस ती," लोटन रडत सांगतो. त्याच्या वाट्याची गोळी मागते आहे ती. दलसिंग माझे पाय धरतो आहे. आता सांगायलाच हवे. दलसिंग, त्या गोळ्या —