कलेक्टरची फाशी

२ मार्च, रविवार. सकाळी ६
साहेब जाऊन इतकी वर्षं झाली, पण साहेबी काही गेली नाही. आजपासून स्वतःचं डीकॉलनायझेशन करणार. इंग्रजी शब्द टोटल बंद. टाय बंद. बूटही बंद, पाय मातीला लागले पाहिजेत. कॉलेजच्या सेमिनारसाठी लेखही लिहून झाला: ‘फाशी: साहेबाची दोरी’. देहदंड हे साहेबानं मागे टाकलेलं सामान आहे, ते फेकून द्या, हा माझा मुद्दा. वीस तारखेला वाचायचा. खळबळ उडणार.

दुपारी
बायको शाळेत इतिहास शिकवते. लेख ऐकून म्हणाली की साहेब यायच्या आधी गुन्हेगारांना काय हारतुरे मिळायचे? हत्तीच्या पायी कोण देत होतं? मी म्हटलं, हत्ती निदान आपला होता. ती पुढचं न ऐकता वह्या तपासायला बसली. हत्ती तळटीपेत घालीन.

५ मार्च, बुधवार
यंदा सोसायटीचा अध्यक्ष मी. चिठ्ठीत नाव निघालं असं लोक म्हणतात. चिठ्ठीलाही माणूस कळतो. आजच्या मीटिंगमध्ये मतदान, बहुमत, अध्यक्षाचं जादा मत, सगळी साहेबी थेरं रद्द करून टाकली. आता नियम तीनच. गोल करून बसायचं. निर्णय बाराही घरांच्या संमतीनं, एकाचाही नकार असेल तर ते काम नाही. आणि जो गप्प बसेल त्याची संमती धरायची. सगळे एका मिनिटात हो म्हणाले. बायकोच्या मते सगळ्यांना घरी जायची घाई होती. असो.

७ मार्च
गेटवरच्या कुत्र्याला सगळे कलेक्टर म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याची तपासणी करतो म्हणून. किती ही गुलामी! मी त्याचं नाव ‘स्वाधीन’ ठेवलं. अर्धा तास हाका मारल्या. त्यानं जांभई दिली. पार हाडात मुरलीय गुलामी.

९ मार्च, रविवार. संध्याकाळी
तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड जेलरकाकांना लेख वाचून दाखवला. एकटेच असतात, वेळ भरपूर. पन्नास मिनिटं हूं की चूं नाही. भारावले असणार. शेवटी एवढंच विचारलं की तुम्ही कधी कुणाला फाशी जाताना पाहिलंय का. मी म्हटलं, पाहायची गरज नाही, मी थिअरीवाला माणूस. ते चहाचे कप विसळायला उठले. माणूस सरळ आहे, पण आयुष्य गेलं तुरुंगाच्या नोकरीत. फाशीचे कट्टर समर्थक असणार. त्यांना बदलायला वेळ लागेल.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ७.४०
घात झाला. आवारात अनवाणी फेऱ्या मारत लेख पाठ करत होतो, तर कलेक्टर टाचेला चावला. विनाकारण! वॉचमनचं म्हणणं, मी त्याच्या शेपटीवर उभा होतो, आणि बराच वेळ उभा होतो. मुलगी कायदा शिकते, तिनं ही साक्ष ग्राह्य धरली. बायको म्हणाली की बूट असते तर ओरखडाही आला नसता. या घरात दुखणाऱ्याची बाजू घ्यायची पद्धत नाही.

११ वाजता
इंजेक्शन घेतलं. लस ही अखिल मानवजातीची असते, ती साहेबाची नसते.

१३ मार्च
टाच ठणकतेय. शांतपणे विचार केला. देहदंड चूक हे माणसांपुरतं. कुत्र्याला थिअरी लागू होत नाही. नगरपालिकेत चौकशी केली. सोसायटीनं सह्यांचं पत्र दिलं की ते गाडी पाठवतात, एका सुईत काम आटोपतं. मुलीला सांगितलं, हा सूड नाही, धोरण आहे. तिनं धाडकन दार लावून घेतलं. तरुण पिढीत संयम नाही.

१५ मार्च
बारा घरांचा अंदाज घेतला. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आपले. शिवणकामवाल्या बाई आपल्या. माझ्या घराचं तोंड एकच, ते मी. जेलरकाकांची काळजीच नको, हयात गेली त्यांची अशा कामात. उद्या दहा मिनिटांत निकाल.

१६ मार्च, रविवार. दुपारी १
मीटिंग झाली. गोल करून बसलो. मी टाच दाखवली, सगळे हळहळले. पत्र फिरलं. माझी धरून अकरा सह्या झाल्या. शेवटी पत्र जेलरकाकांकडे गेलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले की नोकरीत सात वेळा पहाटे उभं राहून कागदावर सही करावी लागली. सातही नावं अजून पाठ आहेत. एकानं जाताजाता विचारलं होतं की साहेब, तुमची सर्दी बरी झाली का. आठवी सही आता माझ्याच्यानं होणार नाही, म्हणाले. कुत्र्याची असली तरी. पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.

मग दातांचे डॉक्टर म्हणाले की जुन्या पद्धतीनं अकरा विरुद्ध एक झालं असतं, पण आता एका नकारानं विषय संपला, नियम अध्यक्षांचाच आहे. एवढ्यात मुलीनं माझाच लेख काढला आणि पान सहा खड्या आवाजात वाचलं: सूड नको, सुधारणा हवी, आणि सुधारणेचा भार समाजातल्या शहाण्यांनी उचलावा. शिवणकामवाल्या बाईंनी विचारलं की मग शहाणं कोण. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी ठाम नकार देणार होतो. पण जेलरकाका माझ्याकडेच बघत होते आणि माझा घसा बसला. त्यांच्या बोलण्याचा काही संबंध नाही. सर्दी असणार. गप्प बसला त्याची संमती. कलेक्टर आमच्याकडे राहायला आला.

१७ मार्च
सुधारणेचा पहिला दिवस. चटई खाल्ली.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ७
त्याला फिरवून आणलं. बूट घालून. (तात्पुरते. टाच भरेपर्यंत.) जेलरकाका गेटवर वाट बघत होते, पट्टा त्यांच्या हातात दिला. रोजच येतात आता. लेखाबद्दल खरंखरं मत विचारलं. चांगला आहे, म्हणाले, फक्त त्यात माणूस कुठे दिसला नाही.

संध्याकाळी ६
सेमिनारला गेलो. उभा राहिलो, लेख उघडला. दोरीपर्यंत आलो आणि त्या सर्दीची चौकशी करणाऱ्याची आठवण झाली. पुढचं पान दिसेना. देहदंड नको, एवढं म्हणून खाली बसलो. हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. नंतर प्राचार्यांनी आभार मानले की वेळेच्या आधी संपवणारे तुम्ही पहिलेच.

घरी आलो. जिन्यातून ‘स्वाधीन’ अशी हाक मारली. ढिम्म. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच ‘कलेक्टर’ म्हटलं. धावत आला आणि माझ्या बुटांवर डोकं टेकून बसला.

मी त्याला थँक यू म्हणालो.