टोपीतल्या दोन चिठ्ठ्या

विलो क्रीक, कॅन्सस
सोमवार, १४ सप्टेंबर १८९६

प्रिय लेम्युएल,

फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. चार मैलांवर राहून पत्र पाठवतोय म्हणून हसशीलही. तीनदा बसलो, तीनदा उठलो. पाय कसा आहे? डॉर्कसवहिनी कुबडी सोडू देत नसतील, ते बरंच. मला झोप नाही. खोकल्याने म्हणतो सगळ्यांना.

प्रुइट वकिलाने आपल्या सगळ्यांचा गळा कापला, हे कळलंच असेल. आपल्या शेतकरी संघाच्या ऑगस्टच्या सभेत तो बाकाबाकांवरून फिरत होता. "एझ्रादादा, डेमोक्रॅटांशी युती करा. चांदीची नाणी हवी तितकी पाडायची मोकळीक मिळाली की पुढचं सगळं मिळेल. आणि विधानसभेला नाव लेम्युएलचंच!"

मी म्हटलं, "लेम म्हणतो, पैसा सरकारने कागदावर छापावा. खाणवाल्यांच्या चांदीने आपलं काय भलं?"

"कागदवाले वीस वर्षं हरतायत. मेल्यावर जिंकणार का?"

युती झाली. परवा उमेदवारांची यादी छापून आली. तुझ्या जागी बँकवाल्याचा मेव्हणा! आपल्या मागण्यांपैकी रेल्वेवरच्या सरकारी ताब्याचं नाव नाही, धान्याच्या सरकारी कोठारांचं नाव नाही, नुसती चांदी. प्रुइटला रस्त्यात गाठलं, तर म्हणतो, "आजोबा, हे राजकारण आहे. जा, कणसं खुडा." महिन्याभरात दादाचा आजोबा झालो.

आता नेल्सचं. त्या सभेत युतीच्या बाजूने मतं पडली एकतीस, विरुद्ध एकोणतीस. शाळेतल्या बैठकीत सगळ्यांनी ठरवून टाकलं, की आपल्यातून युतीला फुटले ते नेल्स अल्ग्रेन आणि त्याचा भाऊ. तो बायबलवर हात ठेवून शपथ घेत होता, आणि लोक त्याच्या अडखळत्या इंग्रजीची नक्कल करत होते. "चांदी किती मिळाली रे, स्वीडनवाल्या?" शनिवारी दोघांना संघातून काढणार. म्हणजे संघाचं मळणीयंत्र त्यांना बंद, आणि त्यांचा गहू अजून गंजीत आहे. मी त्याच्याच बाकावर बसलो होतो. तोंड उघडलं नाही.

लेम, मतं टोपीत चिठ्ठ्या टाकून घेतली. तुझा पाय मोडलेला, म्हणून तुझ्या वतीने मत टाकायचं संमतीपत्र तू सही करून माझ्या हाती दिलंस. "युतीच्या विरुद्ध टाक, एझ्रा," एवढंच म्हणालास. माझी चिठ्ठी मी युतीला टाकली. हरून हरून थकलो होतो रे. मग वाटलं, तू निवडून आलास की मला माफ करशील. तुझी चिठ्ठीही मी तशीच लिहिली.

शनिवारी तुला गाडीत घालून शाळेत आणणार आहेत. अध्यक्ष तू, नेल्सला काढायचा ठराव तूच मांडायचा. त्याआधी हे पत्र सगळ्यांसमोर वाच. वहिनींना वाचू दे हवं तर. मी तिथे असेन. नेल्सच्या नजरेला नजर देता येईल की नाही, माहीत नाही.

तोवर दोन ओळी लिही. शिव्या लिही, पण पाठव. पोस्टात मी रोज जाऊन उभा राहीन. तुझ्या गाडीला हात लावून तुला उतरवायला पुढे येऊ, की लांबच थांबू, एवढं तरी लवकर कळव.

अजून तुझा म्हणवणारा,
एझ्रा