तालमीचे फोटो

२ मे

आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली. कॅमेरा ठणठणीत – मुलाचा जुना, त्याने नवा घेतला म्हणून माझ्या गळ्यात पडलेला. तिपाई एका पायाने लंगडी. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. ह्यांची तब्येत उत्तम. फक्त गेल्या वर्षीच्या दुखण्यात तोंडाचा डावा कोपरा खाली आला, तो तसाच राहिलाय. आणि वहीबाई, तू? कोरी दिसतेस, म्हणजे मजेत असशील!

सुट्टीत मुलगी, मुलगा, सून, नात सगळे एकदम येणार. आमचा सगळ्यांचा मिळून एकही फोटो नाही. तो मी काढणार. ठरलं.

३ मे

हे बसत नाहीत म्हणतात. दुखण्यापासून कुणालाच फोटो काढू दिलेला नाही. ‘तुम्ही बसा, मी बटण दाबतो.’ म्हटलं, अहो, ते बटण आपोआप दाबलं जातं. तर म्हणे, मग मी पंखा बंद करायला उभा राहतो!

ह्यांच्यावाचून फोटो म्हणजे तीन पायांची खुर्ची. जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसाला हे मी सांगायचं?

५ मे

सरावाला खुर्चीत उशी बसवली. कॅमेरा काही उशीला भाव देईना. उशी धूसर, मागच्या पडद्याची फुलं मात्र लख्ख. शेवटी ह्यांना म्हटलं, जरा बसता का? फोटो नाही हो, तालीम.

तालमीला ह्यांची हरकत नाही! पेपर उघडून बसले. मी आपली खटाखट बटण दाबतेय. मधेच उठून कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावले आणि म्हणाले, ‘कपाट तिरकं आलंय.’ आलंच होतं. तिपाईच्या लंगड्या पायाखाली लाकडाची चकती ठोकून दिली.

६ मे

आजही तालीम. पेपर संपला, आता कोडं सोडवतायत.

७ मे

उजेडाची मेख कळली. खिडकी एका बाजूला असली की दुसरा गाल सावलीत जातो. म्हणजे ह्यांचा उजवा गाल खिडकीकडे केला की काम झालं.

सांगितलं. फळी सरळ आहे का बघावं, तसं एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघत राहिले.

‘दिसणार नाही?’

‘नाही.’

‘बरं. एकदाच बसेन. पुन्हा नाही.’

जीव भांड्यात पडला.

९ मे

सगळे आले! दारात चपलांचा ढीग, न्हाणीघरासमोर रांग.

उद्यासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करावं म्हणून काढून कॉम्प्युटरमध्ये घातलं. नुसते तालमीचे फोटो. एकात हे पेपरातलं काहीतरी वाचून हसतायत. पुसायला बोट पुढे केलं, पुसवेना. तेवढ्यात नातीने – तिला सगळे टुणटुणी म्हणतात – आजी, भूक, अशी बोंब ठोकली. उठले.

१० मे

झाला फोटो! पण नमनाला घडाभर तेल. सुनेला मधे बसायचं नव्हतं, लेकीला कडेला. मुलगा म्हणाला, आई, तुझा चष्मा चमकतोय, काढ. काढला. बटण दाबून धावले, तर चप्पल वाटेतच राहिली. दुसऱ्या वेळी टुणटुणी शिंकली. तिसऱ्या वेळी मात्र सगळे जागच्या जागी. हे उजवा गाल खिडकीकडे करून, मान खिळ्याने ठोकल्यासारखी ताठ.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर क्षणभर सगळे दिसले. खाली लाल अक्षरं लुकलुकत होती. शाबासकी देत असेल बापडा.

१२ मे

सगळे गेले. फोटो बघायला चष्मा लावून बसले. लाल अक्षरं वाचली – ‘कार्ड नाही’.

कार्ड कॉम्प्युटरमध्येच! त्या दिवशी उठले ती उठलेच. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं.

ह्यांना सांगून टाकलं. एकदाच बसले होते. रागावले नाहीत. म्हणाले, मग कार्डावर आहे तरी काय? दाखवलं. उशी, पडद्याची फुलं, तिरकं कपाट आणि मग हे, हे, हे. तालमीत खिडकीचा विचार कोण करतो? भरपूर उजेड, तोंडाचा कोपरा स्वच्छ दिसत होता. मी भराभर पुढे सरकवू लागले, तर ह्यांनी हात धरला. त्या हसऱ्या फोटोवर थांबले.

‘हा मी?’

‘तुम्हीच.’

‘मला वाटलं होतं, याहून वाईट असेल.’

म्हटलं, रोज दाढी करताना आरशात बघता की!

‘आरशात मी हसत नाही.’

१३ मे

सकाळी ह्यांनी माझा फोन मागून घेतला आणि एका बोटाने मुलांना निरोप लिहिला. जसाच्या तसा उतरवते:

‘आईने काढलेला फोटो आला नाही. कार्ड घालायचं राहिलं. तिला चिडवू नका. पुन्हा सगळे या. या वेळी मी खिडकीकडे तोंड करून बसणार आहे. कधी येताय ते लवकर कळवा.’